वांधा-अरजी

कोठी कचेरीच्या फाटकाबाहेर, स्टॅम्पवाल्याला लागून
माझं टेबल. अर्ज, सोगंदनामे, भाडेकरार.
पानाला पंचवीस.
टाइप गुजरातीत करते, हिशेब मराठीत.

सोमवारी नसीमबेन छीपा आल्या,
पाणीखात्यातल्या; बिल चुकलं की लोक ज्यांना शोधत जातात त्या.
घर घ्यायचंय. अशांत धाऱ्याची परवानगी हवी.
घर वसुमती पाग्यांचं, आमच्याच सोसायटीतलं, बी-सात.
गॅलरीत अजून त्यांच्या अनंताची कुंडी आहे.

नमुन्यात ओळ असते :
विकणारा राजीखुशीने विकतो आहे का, भाव वाजवी आहे का.
होय. होय.
वसुमतीबाई सहीला आल्या तेव्हा म्हणाल्या,
"राजी आहे गं, खुशीचं विचारू नकोस.
सलील बोलावतोय ब्रॅम्प्टनला.
तिथेही म्हणे हल्ली कुरकुरतात,
फार झालात तुम्ही, म्हणतात."
नसीमबेन हसल्या. मग चहाच्या पैशांवरून
दोघींची झटापट झाली.

बुधवारी सेक्रेटरी शितोळे.
हातात मसुदा, तीन रंगांच्या पेनांनी सुधारलेला.
"मांसाहाराचा वास" खोडून
वर "सांस्कृतिक वातावरण".
(शितोळ्यांकडे रविवारी मटण असतं.
चौथ्या मजल्यापर्यंत कळतं.)
कुणाच्या धर्माविरुद्ध आमचं काही नाही, परिच्छेद तिसरा.
फक्त शांतता. फक्त वस्तीचं संतुलन.

शितोळ्यांना मी नुसतं हसू शकत नाही.
दंग्यात त्यांच्या भावाचं सायकलचं दुकान जळलं,
राख मी पाहिली आहे, त्यात घंट्या होत्या.
आणि हा कायदा आला तेव्हा मलाही पटला होता :
दोन्हीकडची माणसं रातोरात
मिळेल त्या भावात घर फुंकून निघत होती.
त्यांना थोपवायला होता तो.
येणाऱ्याला थोपवायला कधी लागला,
ती तारीख कुठल्याच कागदावर मी टाइप केलेली नाही.

गुरुवारी नसीमबेनच्या वकिलाचं उत्तर.
बंधारणाचं कलम एकोणीस, एक, (ङ) :
देशाच्या कोणत्याही भागात राहण्याचा, वस्ती करण्याचा.
ङ शोधायला वेळ लागला.
एरवी कोणाला लागतं ते अक्षर?
घटनेला इथे बंधारण म्हणतात.
शाळेत मला वाटायचं, बंधारा असेल कुठला तरी,
आजव्यासारखा, आपल्या नळाला तिथूनच पाणी येत असणार.

आमचे खापरपणजोबा साताऱ्याकडून आले, फौजेबरोबर.
जुने शेजारी अजून आम्हाला दक्षिणी म्हणतात,
प्रेमाने, श्रीखंड मागताना.
खापरपणजोबांनी कुणाची परवानगी काढली होती
तो कागद घरात सापडत नाही.

वांधा-अरजीखाली त्रेचाळीस नावं.
एकतिसावं माझं. मीच टाइप केलंय,
जोडाक्षर नीट बसेना म्हणून दोनदा.
पुढची जागा कोरी.
शितोळे म्हणाले, घाई नाही,
आणि पंचवीसऐवजी पन्नास ठेवून गेले.
सुटे द्यायला मी हाक मारली, ते वळले नाहीत.

शनिवारी चौकशीला सर्कलसाहेब आले, दुपारी दोनला.
अशांत विस्तार गाढ झोपला होता.
कुत्रा झोपलेला, वॉचमन झोपलेला,
शितोळ्यांचं दार वाजवूनही उघडेना.
मग माझ्याकडे आले. पाणी प्यायले.
"तुमचा वांधा?"
आहे, म्हटलं.
त्यांनी पेन काढलं.
बी-सातची पाण्याची लाइन चार वर्षं गळते आहे,
खालच्या भिंतीला ओल आली,
कुणी बघत नाही.
ते लिहायला लागले, अर्ध्या ओळीवर थांबले.
"हे यात बसत नाही, बेन."

मला माहीत होतं.
नमुना माझ्याच टेबलावरून गेलाय.